टिप्परवाल्याला चहा पाजा, पण आधी विचारा: राख कशाची?

हदगाव तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनो,

राखेला आपण कधी परकं मानलं नाही. भांडी राखेनं घासली, कडधान्य राखेत ठेवलं, उरलेली उकिरड्यातून शेतात गेली. म्हणून पांदण रस्त्यावर कुणी टिप्परभर राख फुकट ओतली की आपण खूश होतो. पण चुलीची राख वेगळी, साखर कारखान्याच्या बॉयलरची वेगळी.

बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख म्हणजे मुख्यतः सिलिका. टनभर उसामागे ती सहा किलोच्या आसपास निघते. दोन लाख टन गाळप झालं की बाराशे टन. एवढी राख कुठंतरी जाणारच, रस्त्यात गेली तर आमची हरकत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चुन्यासोबत ही राख कालवली तर फुगणं कमी होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण चुना हवा, माप हवं, पाणी मारून रोलर फिरायला हवा. नुसती ओतलेली राख हा रस्ता नव्हे. कारखान्याचा उकिरडा आपल्या बांधावर आला, एवढंच.

स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) जाळणाऱ्या बॉयलरची राख तर पोटॅशनं भरलेली. तिच्यापासून होणाऱ्या पीडीएम खताला (मळीपासूनचं पोटॅश, 14.5 टक्के) केंद्राचं अनुदान लागू आहे. जी वस्तू पिकाला मोजून द्यायची, ती रस्त्याखाली ढिगानं पुरली तर पावसात क्षार विरघळून शेजारच्या विहिरीत उतरतील. बगॅससोबत कोळसा जळला असेल, तर आर्सेनिक-क्रोमियमची तपासणी केल्याशिवाय गत्यंतर नाही. टिप्परात मात्र सगळ्या राखा करड्याच दिसतात.

औष्णिक केंद्रांच्या कोळशाच्या राखेला 31 डिसेंबर 2021 ची केंद्राची अधिसूचना आहे. परळीच्या राखेला निदान तो कागद तरी लागू होतो. (पाळला किती जातो, ते परळीकरांना विचारा.) कोळशाच्या राखेचा भराव करायचा तर बाजूंना मातीचं जाड कवच द्यावं, असं इंडियन रोड्स काँग्रेसनं 2001 सालीच सांगून ठेवलं. बगॅसची राख त्या अधिसूचनेत येत नाही. मग आपल्या पांदणीत ती कोणत्या नियमानं पडते?

रस्त्याचा ठेकेदार म्हणतो, मुरूम मिळत नाही, राख फुकट आहे. फुकट कुणाला? अंदाजपत्रकात मुरूम लिहून खाली राख पडली असेल, तर पैसे कुणाच्या खिशात गेले? माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागवा, मोजमाप पुस्तिका मागवा, प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखान्याला दिलेलं संमतीपत्रही मागवा. राखेची विल्हेवाट त्यात लिहिलेली असते.

ग्रामसभेत ठराव घ्या: कोणत्या बॉयलरची राख, इंधन काय, पाण्यात भिजवून झिरपणाऱ्या क्षारांची आणि धातूंची तपासणी झाली का, हे लेखी आल्याशिवाय राख उतरणार नाही. विहीर, बोअर, ओढा, कयाधू-पैनगंगेचा काठ इथं तर तपासलेली राखसुद्धा नको. आणि जी पडेल तिच्यावर मातीचा थर त्याच दिवशी.

अहवाल नसेल तर टिप्पर भरलेलाच परत पाठवा.

— हदगाव तालुक्यातील एक ऊस उत्पादक

ता. क. राखेच्या ढिगावर लेकरांना खेळू देऊ नका. वरून गार दिसली तरी आत निखारा असू शकतो.