सत्तावीस आणि खराटा

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. इयत्ता दुसरीतली आमची पुतणी वहीत अंक लिहीत बसली होती आणि मी सांगत होतो. ‘सत्तावीस’ म्हटले की ती ७२ लिही. एकदा, दोनदा, तीनदा! चौथ्या खेपेस माझा आवाज चढला. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात ही तऱ्हा! पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

“काका, तुम्हीच ‘सत्ता’ आधी म्हणालात ना? म्हणून मी सात आधी लिहिले.”

मला उत्तर सुचेना. ‘सप्तविंशती’ची व्युत्पत्ती का तिला ऐकवू?

तेवढ्यात आमची आई आली. हातात दिवाळीच्या झाडलोटीसाठी आणलेला कोरा खराटा. तिने काड्या उपसल्या, दहादहांच्या दोन जुड्या दोऱ्याने बांधल्या आणि त्यांच्या उजवीकडे सात सुट्या काड्या ठेवल्या. “आधी जुड्या मोज, मग सुट्या. तसंच लिही.” वहीत २७ उमटले.

बालशिक्षणाचे शास्त्र आईच्या गावीही नाही. पण माँटेसरीबाईंच्या सोनेरी मण्यांत तरी दुसरे काय आहे? सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेले दहा म्हणजे दशक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा बिया, खडे, शिंपले हीच त्यांची साधने झाली.

मला शल्य निराळेच आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांत मोठ्याने हसणारा मीच. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांनी मुले अडखळतात, असे मंगला नारळीकर सांगत होत्या. मला तो भाषेचा खून वाटला. ‘सत्तावीस’ सोडायला माझे मन आजही घेत नाही. पण दुसरीतल्या किती मुलांनी असे डोळे पुसले असतील, हा विचार त्या वेळी मला शिवलाही नव्हता.

‘एकोणतीस’ची पाळी आली तेव्हा मीच खाली बसलो. तीन जुड्या मांडल्या आणि एकीतली एक काडी हळूच काढून घेतली.

“तिसाला एक उणी.”

“म्हणून एकोण!” पोरगी टाळ्या पिटत म्हणाली. “मग एकोणचाळीसलाही एकच काढायची?”

“एकच.”

“काका, आता बहात्तर मांडू या!”

आईने खराटा पाठीमागे लपवला.