खुलं म्हणजे कुणासाठी खुलं?

कंपनीवाल्यांच्या तोंडी एक शब्द खेळतोय. ओपन इनोव्हेशन. हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकानं 2003 साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. सांगणं सोपं आहे : सगळी अक्कल आपल्याच कंपनीच्या भिंतीआत नसते. बाहेरची आत घ्या, आतली बाहेर जाऊ द्या. पुढं त्यात गिऱ्हाईक आलं, मग 'स्टेकहोल्डर' आला. म्हणजे या धंद्यावर ज्याचं बरंवाईट अवलंबून आहे तो. या सगळ्यांना विचारून चाललं की कंपनी जबाबदार ठरते म्हणे.

दोस्तहो, खुलं हा शब्द आपल्याला कुणी शिकवू नये. 1923 साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात आपली माणसं पाण्यापर्यंत पोचली 20 मार्च 1927 ला, बाबासाहेबांच्या मागून. त्याबद्दल डोकी फोडून घेतली. आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. म्हणून कुणी 'खुलं' म्हटलं की मी पहिलं विचारतो, कुणासाठी?

मी गोदीत राबणारा माणूस. तेव्हा गोदीचंच उदाहरण घेतो.

1956 साली माल्कम मॅक्लीननं नेवार्कहून ह्यूस्टनला 58 लोखंडी पेट्या जहाजावर चढवून पाठवल्या. कंटेनरचा धंदा तिथून सुरू झाला. सुटा माल चढवायला टनामागं जवळजवळ 6 डॉलर पडत, पेटीतून तोच खर्च 16 सेंटांवर आला. पण एकाची पेटी दुसऱ्याच्या क्रेनला बसेना. तेव्हा मॅक्लीननं 1963 साली पेटीच्या कोपऱ्यातल्या कड्याकुलपांचं पेटंट जगाला फुकट मोकळं केलं. त्याच्याच पायावर पुढं सगळ्या जगाचं एक माप ठरलं. ओपन इनोव्हेशन हा शब्द जन्मायच्या चाळीस वर्षं आधीचं हे ओपन इनोव्हेशन. जहाजवाला आला, रेल्वेवाला आला, ट्रकवाला आला. सगळ्यांचं भलं झालं. ज्याच्या पाठीवरनं तो माल आजवर गेला होता, त्याला कुणी बोलावलं?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यानं आपणहून खुर्ची ओढली. हॅरी ब्रिजेसच्या युनियननं 1960 साली करार केला : यंत्र आणा, पण त्यातनं वाचलेल्या पैशात आमचा वाटा टाका. मालकांनी साडेपाच वर्षांत 2 कोटी 90 लाख डॉलर देणं कबूल केलं. यंत्रामुळं कुणाला घरी बसवायचं नाही, हेही कबूल केलं. मात्र हे सगळं पक्क्या कार्डवाल्यांसाठी. कच्चा कामगार तिथंही उंबऱ्याबाहेरच राहिला. आणि कंटेनरचं काम कुणाचं, यावरनं 1971 साली संप पेटला तो 134 दिवस चालला. करार काही स्वर्ग नव्हता. पण तिथं मालकाला हिशेब मांडावा लागला.

आपल्याकडं 1948 च्या कायद्यानं डॉक लेबर बोर्ड आलं. सरकार, मालक, कामगार, तिघं एका टेबलाशी. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1942 पासून त्रिपक्षीय परिषदा भरायला लागल्या, ही त्याच वळणाची गोष्ट. 1989 साली न्हावा-शेवा सुरू झालं. 1994 साली मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. आता कंटेनर यार्डात आम्ही ठेकेदाराची माणसं. टेबल गेलं, सूचनापेटी आली.

त्या पेटीचं एक सांगतो. समुद्रावर डुचमळून आतला माल कलंडतो, दाराला टेकून बसतो. कुलूप काढलं की दार उसळतं आणि गोणी माणसाच्या छातीवर. आमच्या टोळीनं सांगितलं, दार उघडायच्या आधी आडवा पट्टा बांधा. साहेबानं ऐकलं. पट्टा आला, चांगलं झालं. वर्षाअखेर त्या पट्ट्याचं बक्षीस साहेबाला मिळालं आणि टोळीतली दोन माणसं 'जादा' म्हणून कमी झाली. आमची अक्कल आत घेतली, आम्हाला बाहेर ठेवलं. याला खुलं म्हणायचं?

म्हणतील, कंपनी सीएसआर करते की! 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 बड्या कंपन्यांना मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजासाठी खर्च करायला लावतं. आणि फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च त्यात धरत नाहीत. हे बरोबरच आहे. मजुरी न् सुरक्षा हे दान नव्हेच. पण 2 टक्क्यांतनं वह्या वाटताना फोटो निघतो, आणि उरलेला 98 टक्के नफा कुणाच्या पाठीवर उभा राहिला ते कुणी विचारत नाही. जबाबदारी त्या 98 टक्क्यांत आहे.

म्हणून आपलं मागणं सरळ आहे. सूचना ज्या टोळीची, तिचं नाव कागदावर लागलं पाहिजे. तिच्यातनं जे वाचेल त्यात वाटा पाहिजे. नवं यंत्र यायच्या आधी बोलणी पाहिजेत, आल्यावर समजूत घालणं नको. आणि त्या टेबलाशी ठेक्यावरच्या माणसाला खुर्ची पाहिजे, कारण आज खरं काम तोच करतोय न् त्या 'तो'मध्ये आपली माणसं किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ठराव करून तळं कुणी देत नाही. ओंजळ आपल्यालाच घालावी लागते.