कान राहू द्या, शेपूटही

दवाखाना उघडायच्या आधीच तो पायरीवर येऊन बसला होता. मांडीवर प्लास्टिकची टोपली, टोपलीत जुना टॉवेल आणि टॉवेलात नऊ आठवड्यांचं डॉबरमनचं पिल्लू. शेपूट बोटाच्या पेराएवढं. म्हणजे ते काम आधीच उरकलेलं होतं. "डॉक्टर, एवढे कान उभे करून द्या," तो म्हणाला. सगळे असंच म्हणतात, 'उभे करून द्या'. 'कापून द्या' असं कुणी म्हणत नाही. जणू कान झोपलेत आणि मी फक्त हलवून जागे करायचे.

मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला. "पडक्या कानाचा डॉबरमन दारात बांधला तर लोक गावठी म्हणतील हो." आणि मग खालच्या आवाजात, "पैशाचं काही असेल तर सांगा."

पैशाचं काही नव्हतं. एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलतोय हे तुम्हाला कळेल. मीसुद्धा कान कापले आहेत. सांगलीकडे प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा डॉबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन घेऊन लोक यायचे आणि मी ते काम चांगलं करतो म्हणून माझं नाव झालं होतं. त्या नावाचा मला अभिमानही होता. थांबलो तो काही एकदम शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, पशुवैद्यक परिषदेचं परिपत्रक आलं म्हणून. पटलं नंतर, हळूहळू.

तर आधी नेमकं काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक मालकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

कान कापतात ते पिल्लू आठ ते बारा आठवड्यांचं असताना. पूर्ण भूल द्यावी लागते. कानाच्या पाळीचा मोठा भाग कात्रीने उतरवायचा, कडेने टाके घालायचे. लोकांना वाटतं, की कापला म्हणजे कान उभा राहिला. तसं नाही. खरी करामत त्यानंतर सुरू होते. उरलेला कान आधाराला लावून चिकटपट्टीने बांधायचा, डोक्यावर मखरासारखं काहीतरी उभं करायचं, काही दिवसांनी सोडायचं, पुसायचं, पुन्हा बांधायचं. असं कित्येक आठवडे, काहींचं कित्येक महिने. आत ओल धरली की वास येतो, जखम चिघळते. पिल्लू पायाने खाजवतं, टाका तुटतो. आणि एवढं सगळं करूनही कधीकधी एक कान उभा राहतो नि दुसरा मधेच वाकतो. मग मालक महिनाभर माझ्याकडे असं बघायचे, की जणू मी त्यांचा टीव्ही दुरुस्त करताना बिघडवलाय.

हा काळ कोणता, हेही बघा. याच आठवड्यांत पिल्लू माणसांना ओळखायला शिकतं, मुलांचा आवाज, पाहुणे, रस्ता, दुसरी कुत्री. नेमक्या त्या दिवसांत माणसाचा हात डोक्याकडे आला म्हणजे दुखणार, हे त्याला आपण शिकवतो. पुढे वर्षभराने तोच मालक विचारतो, "डॉक्टर, कानाला हात लावला की गुरगुरतो, असं का?"

शेपटीचं वेगळं. ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच जाते. पिल्लाचे डोळेही उघडलेले नसतात. कुणी कात्रीने छाटतं, कुणी घट्ट रबर लावून रक्त तोडतं आणि काही दिवसांत टोक वाळून गळून पडतं. हे बहुतेक वेळा भूल न देताच होतं, आणि बरंचसं डॉक्टरच्या हातून होतही नाही. ब्रीडर म्हणतात, "एवढ्या लहान पिल्लाला दुखत नाही, नसा तयार झालेल्या नसतात." कॉलेजात आम्हीही हेच ऐकलं होतं. नसांवरचं आवरण पुरतं तयार नसतं, हे खरं. पण दुखण्याचा संदेश नेणाऱ्या पुष्कळ नसांना मोठ्या वयातही ते आवरण नसतंच. त्यामुळे आवरण नाही म्हणून दुखत नाही, हा हिशोब चुकतो. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 50 पिल्लांच्या शेपट्या छाटताना बारकाईने बघितलं. छाटताना सगळी पिल्लं ओरडली. थोड्या वेळाने ती शांत झाली, हेही त्यांनी नोंदवलंय. ब्रीडरला आठवतं ते हे नंतरचं शांत होणं.

आता कापण्याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं. ते हसून सोडून देण्यासारखं नाही, निदान सगळं नाही.

कान उभे असले की हवा खेळते, कानाचे आजार होत नाहीत, हा पहिला मुद्दा. मग मला सांगा, कान फुटण्याने सगळ्यात बेजार होणारं कुत्रं कोणतं? माझ्या टेबलावर तरी कॉकर स्पॅनियल. त्याचे कान लांब, जड, केसाळ, जेवताना ताटात बुडणारे. त्याचे कान कुणी कापतं का? त्याचं शेपूट कापतात, कान नाही. कारण पडके कान हीच त्याची शोभा ठरलीय. आरोग्यासाठी कापायचे असते तर सुरुवात त्याच्यापासून झाली असती.

शेपटीला पुढे इजा होऊ नये म्हणून, हा दुसरा. ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2010 साली एक अभ्यास छापून आला. त्यातला हिशोब असा निघाला, की शेपटीची एक इजा टाळायची तर साधारण 500 कुत्र्यांच्या शेपट्या आधीच छाटाव्या लागतील. मात्र झुडपांत घुसून शिकारीचं काम करणाऱ्या स्पॅनियलना खरोखर जास्त जखमा होतात, आणि म्हणून स्कॉटलंडने 2007 साली घातलेली सरसकट बंदी 2017 साली अशा काही कुत्र्यांपुरती सैल केली. हे मी लपवणार नाही. पण सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पडून राहणाऱ्या कुत्र्याला कुठल्या झुडपात घुसायचंय?

तिसरा मुद्दा जातीच्या शुद्धतेचा. 'ओरिजिनल' डॉबरमन असाच दिसतो, असं सगळे ठासून सांगतात. डॉबरमन जर्मनीचा. आपोल्डा गावच्या ज्या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने ती जात घडवली त्याचंच नाव तिला पडलं. त्याच जर्मनीत 1987 पासून कान कापायला आणि 1998 पासून शेपूट छाटायला बंदी आहे. ज्यांच्या घरचं कुत्रं, त्यांनी कात्री केव्हाच ठेवून दिली. आपण मात्र त्यांचा जुना फोटो भिंतीला लावून बसलोय. इंग्लंडच्या केनेल क्लबने तर कान कापलेली कुत्री स्पर्धेतून बाहेर काढली त्याला शतक उलटून गेलं. अमेरिकेत अजून चालतं, आणि इंटरनेटवर दिसणारे बहुतेक देखणे फोटो तिकडचेच असतात. आपल्या लोकांच्या डोळ्यात तेच बसलंय.

आपल्याकडे हे फक्त परदेशी जातींपुरतं आहे असंही नाही. लहानपणी आमच्या वस्तीवर पिल्लाच्या कानाचं टोक विळ्याने उडवायचे आणि म्हणायचे, आता तिखट होणार. कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने दोनेक हजार वर्षांपूर्वी शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यातही पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटाचं टोक तोडा, म्हणजे पिसाळत नाही, असा मेंढपाळांचा समज नोंदवलाय. पिसाळणं लसीने थांबतं, हे आता शेंबडं पोरही सांगेल. तिखटपणाही कानात नसतो. कारवानी कुत्र्याचे कान पडलेले असतात आणि शेपूट लांबलचक. त्याच्यासमोर ससा सोडून बघा.

मला स्वतःला जे पटलं ते मात्र या वादातून नव्हे, टेबलावरून.

कुत्र्याला बोलता येत नाही असं आपण म्हणतो, आणि मराठीत मात्र त्याची सगळी भाषा भरून ठेवलीय. कान टवकारले. कान पाडले. शेपूट घातलं. शेपूट हलवत मागेमागे फिरला. माणसांबद्दल बोलतानाही आपण हेच वापरतो, कारण कुत्र्याचं मन कान आणि शेपूट या दोन जागी दिसतं हे आपल्या आज्यापणज्यांनी नीट बघून ठेवलं होतं. कॅनडात 2008 साली संशोधकांनी एक यांत्रिक कुत्रा मोकळ्या मैदानात उभा केला. त्याला कधी लांब शेपूट लावलं, कधी आखूड. लांब शेपूट हलत असलं की दुसरी कुत्री निर्धास्त जवळ यायची, स्थिर असलं की बिचकायची. आखूड शेपटाच्या बाबतीत हलतंय का थांबलंय, हा फरक त्यांच्या वागण्यात दिसेना.

आखूड शेपटाचं मलाही कळत नाही. एका रॉटवायलरने मला मनगटाला धरलं त्याची खूण अजून आहे. शेपूट असतं तर ते ताठ झालेलं किंवा पोटाखाली गेलेलं मला दिसलं असतं. तिथे नुसता खुंट होता. चूक माझीच, मुस्की बांधायला हवी होती. पण त्या दिवसापासून मी मोजायला लागलो, की दुसरी कुत्री मला चावण्याआधी किती वेळा सांगतात. कान मागे जातात, शेपूट खाली जातं, मी हात थांबवतो. आणि उभे कापलेले कान? ते चोवीस तास टवकारलेलेच. कुत्रं घाबरलंय का चिडलंय का नुसतं बघतंय, सगळ्याला एकच चेहरा. लहान मूल असलेल्या घरात तर हे मला जास्तच खटकतं.

कायद्याचं थोडक्यात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेने 2011 साली डॉक्टरांना कळवलं, की शोभेसाठी कान-शेपूट कापणं बंद करा. त्यावर आपल्याकडचा केनेल क्लब कोर्टात गेला आणि 2013 साली मद्रास उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. मग 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांत ब्रीडरना हे करायला मनाई झाली. मूळ कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. पिल्लाला पंचवीस हजार मोजणाऱ्याला पन्नास रुपयांची भीती कोण घालणार? म्हणून मी पोलिसांना नाही, तुम्हाला सांगतोय.

ओळखीचे शेतकरी मला अडवतात. "आम्ही बैलाला वेसण घालतो, ते चालतं, आणि कुत्र्याचा कान नाही?" प्रश्न रास्त आहे. कायद्याने वेसणीला सूट दिलीय. चारशे किलोचं जनावर हाताळायचं म्हणून ती आहे, आणि ती कशी टोचतात यावर मला पुष्कळ बोलायचंय, पण ते पुन्हा कधी. "नसबंदी करता ती?" असंही विचारतात. नसबंदीने कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो, नको असलेली पिल्लं थांबतात. कान कापून कुत्र्याला काय मिळतं, ते कुणी मला अजून सांगितलेलं नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर तीही यातली नव्हे. नसबंदी झाल्याची ती खूण असते, त्याच भुलीत केलेली, म्हणजे त्याला पुन्हा पकडून पोट फाडू नये. आणि गाठ झाली, शेपूट दारात चिरडलं, कुजलं, आणि डॉक्टर म्हणाले काढावं लागेल, तर काढू द्या. तेव्हा हा लेख आठवून अडून बसू नका.

आता तुम्ही काय करायचं. शेपटीचा निर्णय तुम्ही पिल्लू बघायच्या आधीच झालेला असतो, त्यामुळे बोलायची वेळ बुकिंगची. पैसे देण्याआधी ब्रीडरला सांगा, "मला शेपूट असलेलं पिल्लू हवं, नाहीतर नको." शक्य असेल तर हे पिल्लं जन्मायच्या आधी सांगा, कारण सोमवारी व्याली तर शुक्रवारपर्यंत शेपटी गेलेली असते. तो म्हणेल, "मग शोमध्ये चालणार नाही, पुढे भाव येणार नाही." तुम्हाला शो करायचाय का, स्वतःला विचारा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, विचारा. आई दाखवायला सांगा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला नियमाने मनाई आहे, तेव्हा महिन्याचं पिल्लू हातात देणाऱ्याकडून घेऊच नका. "कानाचं आमचा माणूस घरी येऊन करून देईल" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. तो माणूस कोण, भूल कसली देतो, काही ठाऊक नसतं. असल्या माणसाने 'उभे केलेले' कान मी नंतर साफ केलेत, त्यातलं एक पिल्लू गेलं.

आणि तुमच्या घरी आधीच कापलेल्या कानांचं कुत्रं असेल, तर मान खाली घालू नका. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला तर कुणी विचारलंही नव्हतं. फक्त मुलांना शिकवा, की याचे कान बघून काही कळणार नाही, अंग ताठ झालं, नजर थांबली, ओठ आवळले की हात मागे घ्यायचा.

टोपलीवाला पिल्लू घेऊन परत गेला. दुसरा कुणी डॉक्टर गाठेल असं वाटलं होतं. परवा तो दुसऱ्या लसीला आला, कान तसेच. म्हणाला, "बायको म्हणाली, असू द्या, गरीब दिसतंय." मी सुई टोचली तेव्हा दोन्ही कान मागे गेले, काम झाल्यावर पुन्हा पुढे आले.

तो मला चावलेला रॉटवायलरही अजून येतो, वर्षातून एकदा, रेबीजच्या इंजेक्शनला. आता म्हातारा झालाय. मी आधी मुस्की बांधतो. मालक दरवेळी म्हणतात, "बघा डॉक्टर, तुम्हाला ओळखून शेपूट हलवतोय." मी वाकून बघतो. खुंट जरासा थरथरतो आणि त्याच्यामागे सगळं ढुंगण हलत असतं.