बसतंय ना, मग झालं!

मंडळी, आमच्या एम्बेडेडच्या धंद्यातल्या एका वाक्यावर बंदी यायला हवी. वाक्य असं: "बसतंय ना मेमरीत? मग झालं!"

वेब किंवा जावावाल्या मित्रांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. आर्डुइनो उनोवर जी एटीमेगा ३२८पी चिप असते, तिच्यात प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट फ्लॅश आणि चालताना वापरायला २ किलोबाइट रॅम असते. गिगा नाही, मेगा नाही, फक्त २०४८ बाइट्स. तुम्ही वाचताय तो लेख यूटीएफ-८ मध्ये साठवला तर त्याचा पाव भागसुद्धा त्यात मावणार नाही.

या रॅमचे दोन वाटेकरी. पहिला म्हणजे ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल्स. त्यांची जागा बिल्ड होतानाच कायमची ठरते. दुसरा म्हणजे स्टॅक, जो फंक्शन्स एकमेकांना बोलावतील तसा वाढतो. पहिला तुमचा ईएमआय, दुसरा महिन्याचा खर्च. "बसतंय ना" म्हणणारा फक्त ईएमआय पगारापेक्षा कमी आहे एवढंच बघतो. मग काय, तेवढ्यावर महिना निघतो का?

निघत नाही. या चिपवर स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली सरकतो आणि मध्ये भिंत कुठेच नाही. जागा संपली की तो सरळ तुमच्या व्हेरिएबल्सवर लिहायला लागतो. एरर येत नाही. एखादा काउंटर वेडंवाकडं मोजतो, एखादा फ्लॅग आपोआप बदलतो, आणि टीम तीन आठवडे हार्डवेअरवाल्यांच्या नावानं बोटं मोडते.

राग याचा येतो की स्टॅटिक मेमरीचा हिशेब लिंकरने आधीच करून ठेवलेला असतो. बाइटन् बाइट. चिप लागत नाही, ऑसिलोस्कोप लागत नाही. 'साइझ' कमांड तीन आकडे देते: टेक्स्ट, डेटा, बीएसएस. टेक्स्ट अधिक डेटा म्हणजे फ्लॅश, डेटा अधिक बीएसएस म्हणजे रॅम. डेटा दोन्हीकडे मोजायचा, कारण सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये असतात आणि चिप सुरू होताना रॅममध्ये कॉपी होतात. कुणी किती जागा खाल्ली ते मॅप फाइलमध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. पण ती उघडतो कोण?

उघडली तर गमती दिसतात. एव्हीआरवर साध्या अवतरणातली प्रत्येक स्ट्रिंग रॅममध्येही जाते. ४० अक्षरांचे २० डीबग मेसेज टाकलेत, तर प्रत्येकाचा शेवटचा शून्य धरून ८२० बाइट्स गेले. रॅमचा ४० टक्के हिस्सा, आणि तोही न बदलणाऱ्या मजकुरासाठी! आर्डुइनोत 'एफ' मॅक्रो लावला की हा मजकूर फ्लॅशमध्येच राहतो.

स्टॅकचं गणित जास्त किचकट आहे, मान्य. जीसीसी प्रत्येक फंक्शनचा स्टॅक सांगतो, पण पॉइंटरमधून केलेले कॉल, इंटरप्ट आणि लायब्ररीतली फंक्शन्स आपल्यालाच जोडावी लागतात. रिकर्शन असेल तर कमाल खोली बांधता आल्याशिवाय हिशेबच लागत नाही. म्हणून तर मिस्रा-सी रिकर्शनला मनाई करतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१३ सालचा ओक्लाहोमातला टोयोटाविरुद्धचा खटला वाचा. गाडी आपोआप वेग घेते असा आरोप होता. फिर्यादींचे तज्ज्ञ मायकल बार यांनी साक्षीत सांगितलं की कंपनीच्या हिशेबात स्टॅकचा वापर ४१ टक्के होता, त्यांच्या मोजणीत तो ९४ टक्के भरला, आणि त्यात रिकर्शन धरलेलंच नव्हतं. नासाच्या २०११ च्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नव्हता हेही खरं, आणि अपघाताच्या कारणावरचा वाद मी इथे सोडवणार नाही. पण एकाच स्टॅकचे ४१ आणि ९४ असे दोन आकडे कोर्टात निघावेत? ज्युरीचा कौल कंपनीविरुद्ध गेला.

आता नेहमीचं उत्तर येईल: "अरे, मोठी चिप घे, स्वस्त असतात." घ्या ना! एका नगामागे दहा रुपये वाढले तर लाखभर नगांमागे दहा लाख होतात, ते मॅनेजरला तुम्ही सांगा. आणि जो माल आधीच लोकांच्या घरात पोचलाय, त्याचं काय? नवीन फीचर त्याच जुन्या चिपमध्ये कोंबायचंय. शिवाय मोठ्या चिपवरही न मोजणारा न मोजताच भरत जातो. अंथरूण वाढवून पाय पसरायची सवय जात नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक बिल्डनंतर फ्लॅश आणि रॅमचे आकडे नोंदवा. कोड रिव्ह्यूमध्ये "या बदलाने किती बाइट्स वाढले" हे दिसलंच पाहिजे. स्टॅकसाठी राखीव जागा ठरवा आणि स्टॅटिक मेमरी तिच्यात घुसली की बिल्ड फेल करा. स्क्रिप्ट लिहायला एक दुपार पुरते.

एम्बेडेडमध्ये बाकी सगळं अनिश्चित असतं: सेन्सर, बॅटरी, क्लायंट. एवढी एकच गोष्ट बिल्ड होताक्षणी नेमकी कळते, तीही फुकट. तिच्याकडे न बघता माल पाठवण्याला मी तरी इंजिनिअरिंग म्हणणार नाही.