पळून पूर ओसरतो का?

पूरग्रस्तांसाठी धावण्याची स्पर्धा जाहीर झाली की हा प्रश्न कुणी तरी विचारतंच. 'पळून पूर ओसरतो का? त्यापेक्षा सरळ पैसे द्यावेत की!' बहुतेक वेळा विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, नुसती चेष्टा करायची असते. पण मैत्रिणींनो, प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. त्याचं उत्तर आपल्याला देता यायला हवं. कारण हल्ली अशा स्पर्धा फक्त पुण्या-मुंबईत होत नाहीत. तालुक्याच्या गावातही डॉक्टर मंडळी, शाळेचे माजी विद्यार्थी किंवा एखादं महिला मंडळ त्या भरवतं आणि धावणाऱ्यांत आपण बायकाही असतो.

आमचं सूसच बघा. मुळशी तालुक्यातलं हे भातखाचरांचं गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. आता एका बाजूला जुनं गावठाण आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारती. शेजारी म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाल्या, देशभरचे खेळाडू तिथे धावून गेले. पण गावठाणातली सून सकाळी रस्त्यावरून धावतेय, हे दृश्य मात्र अगदी अलीकडचं.

अशाच एका वहिनींनी पहिल्यांदा पाच किलोमीटरची मदत-दौड पूर्ण केली. घरगुती डबे देतात, चाळिशी ओलांडलेली, दोन मुलं. माहेर सोलापूर जिल्ह्यात, सीनेच्या काठाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात अतिवृष्टी झाली, सीनेला महापूर आला, तेव्हा माहेरच्या शेतातलं उभं पीक तर गेलंच, वरची मातीही खरवडून गेली. वहिनींनी दौडीत नाव घातलं. घरात कुणी अडवलं नाही. 'पूरग्रस्तांसाठी आहे ना, मग जा,' असं सासूबाईच म्हणाल्या. याच वहिनींनी दोन वर्षांपूर्वी, 'सकाळी अर्धा तास चालायला जाऊ का?' असं विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं होतं, 'दिवसभर घरात काय कमी चालणं होतं?'

या दोन उत्तरांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाईनं दुसऱ्यासाठी पळायचं म्हटलं की परवानगी मिळते. स्वतःसाठी म्हटलं की कारण द्यावं लागतं.

बारामतीच्या लता भगवान करे आठवतात? साठी ओलांडलेल्या, मजुरी करणाऱ्या या बाई २०१४ मध्ये मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात धावल्या, नऊवारी नेसून, अनवाणी. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते आणि बक्षिसाची रक्कम दिसत होती. त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेखही झाला. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण मनात येतं, त्याच बाई 'मला पळावंसं वाटलं म्हणून पळाले' असं म्हणाल्या असत्या, तर गावानं काय म्हटलं असतं? आणि हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर धावत होती, तेव्हा स्पर्धेच्या एका अधिकाऱ्यानं तिला भर रस्त्यात धरून तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडावं लागलं. बाईच्या पळण्याला कारण मागायची सवय जगभरची आहे.

तेव्हा मदत-दौड हे एक चांगलं कारण मिळालं, तर ते जरूर वापरावं. पण कारणाच्या आड आपण धावायचं आणि ज्यांच्या नावानं धावलो त्यांच्या हातात काय पडलं हे विचारायचंही नाही, हे बरं नव्हे. म्हणून आता त्या खोचक प्रश्नाकडे वळू या.

पळून पूर ओसरत नाही, हे खरंच. पळून पैसे जमतात. आणि संकटाच्या वेळी पैसे ही किती मोठी मदत असते, हे आपण अनेकदा विसरतो. पूर आला की आपल्या मनात पहिल्यांदा येतात ते जुने कपडे. कपाट आवरायचंच असतं, एक गाठोडं बांधून देऊन टाकलं की बरं वाटतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे कपडे इतके आले की रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडले होते. सगळं गमावलेल्या माणसांनाही कुणाचे फाटके, विटके कपडे अंगावर घालणं नको वाटलं, यात नवल ते काय? दिल्लीच्या 'गूंज' संस्थेनं पुढे अशा कपड्यांचं मोठं काम केलं. नको असलेल्या सुती कपड्यांपासून पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ घड्या तयार करून त्या गावोगाव पोहोचवल्या. या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुद्दा हाच आहे. पूरग्रस्त बाईला काय लागतं, ते गाठोडं बांधणाऱ्याला सुचत नाही. शाळेच्या दोन खोल्यांत पन्नास माणसं राहतात, तेव्हा पाळी आलेल्या मुलीला पॅड हवं असतं आणि ते बदलायला कडी असलेलं दार हवं असतं. आतले कपडे हवे असतात, तेही नवे आणि मापाचे. बाळंतिणीला गरम पाणी हवं असतं. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढायला फावडी, फिनेल आणि हातमोजे लागतात. भिजलेलं धान्य, मेलेली शेळी, मुलांची वह्या-पुस्तकं, हे सगळं पुन्हा उभं करायचं असतं. बिस्किटांच्या पुड्यांनी यातलं काही भागत नाही. पैसे असले तर तिथल्याच दुकानातून, त्या बाईला विचारून, जे हवं ते घेता येतं. शिवाय त्या बुडालेल्या दुकानदाराचाही धंदा सुरू होतो.

'मग सरळ पैसे द्यावेत, पळायचं कशाला?' ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सरळच द्यावेत. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, त्यात पैसे दिले की पावती मिळते आणि प्राप्तिकरात सवलतही मिळते. पण स्वतःच्या नावावर पैसा नसलेल्या बाईचं काय? घरखर्चातून शंभराची नोट बाजूला काढायची तरी जिला विचारावं लागतं, ती काय देणार? आमच्या वहिनींनी जे केलं ते मला म्हणूनच आवडलं. त्यांनी एका वहीत नावं लिहिली आणि डब्याच्या गिऱ्हाइकांना विचारलं, 'मी पाच किलोमीटर धावणार आहे, किलोमीटरमागे दहा रुपये द्याल का?' तीस जणांनी होकार दिला. दहा रुपये गुणिले पाच गुणिले तीस, म्हणजे पंधराशे रुपये झाले. त्यांच्या एकटीच्या पदरातून ते कधीच निघाले नसते. आपल्या पायांच्या जोरावर पैसे उभे करायची ही रीत जगात जुनी आहे. २५ मे १९८६ रोजी आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी जगभरच्या शहरांत लाखो साधी माणसं एकाच दिवशी धावली होती. त्याआधी सुदानचा धावपटू ओमर खलिफा तिथल्या निर्वासितांच्या छावणीतून मशाल घेऊन निघाला आणि युरोपातून थेट न्यूयॉर्कला पोहोचला होता. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, तिथेही अनेक धावपटू ओळखीच्यांकडून असेच पैसे जमवून संस्थांना देतात. मात्र तिथे स्पर्धेची फी वेगळी आणि देणगी वेगळी असते, हे ध्यानात ठेवा.

कारण आपल्या बहुतेक मदत-दौडींमध्ये नेमकी इथेच गफलत होते. आपण पाचशे रुपये फी भरतो आणि समजतो की पाचशे रुपये पूरग्रस्तांना गेले. जरा वहीवर मांडून बघू या. समजा, पाचशे बायकांनी पाचशे रुपये भरले. जमले अडीच लाख. आता टी-शर्ट, मेडल, नाश्ता, पाणी, मांडव, स्पीकर, फ्लेक्स, रुग्णवाहिका हे सगळं माणशी साडेतीनशेला पडलं, तर खर्च झाला पावणेदोन लाख. उरले पंचाहत्तर हजार. म्हणजे पाचशेतले दीडशेच पोहोचले. तीच दौड टी-शर्ट आणि मेडलशिवाय केली आणि त्यामुळे माणशी दोनशे वाचले, तर मदतीला पावणेदोन लाख उरतात. आकडे उदाहरणादाखलचे आहेत, पण हिशोब असाच असतो. अर्थात रुग्णवाहिका, पाणी, वाटेत उभे राहणारे स्वयंसेवक यांत काटकसर करू नये. टी-शर्टात जरूर करावी. घरात पडलेले तीन टी-शर्ट फरशी पुसायलाच तर जातात!

हे विचारायला आपण का कचरतो? बचत गटाच्या बैठकीत दहा रुपयांचा ताळमेळ लागला नाही तर आपण बैठक संपू देत नाही. भिशीत कुणाचा हप्ता कधीचा राहिलाय, ते तोंडपाठ असतं. मग दौडीचा फॉर्म भरताना मात्र, 'चांगलं काम आहे, कशाला खोदून विचारायचं?' असं होतं. चांगलं काम आहे म्हणूनच विचारायचं. फीमधून मदतीला किती जाणार? खर्च प्रायोजक उचलणार आहेत की आपल्याच फीमधून जाणार? पैसे कोणत्या गावाला, कुणाच्या हातून, कधी पोहोचणार? वर्गणी गोळा करायची रीतसर परवानगी घेतली आहे का? गणपतीच्या मंडळांनासुद्धा त्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आणि शेवटचं, जमा-खर्च कुठे वाचायला मिळणार? प्रामाणिक संयोजकांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्यांचं काम सोपं होतं. राग आलाच, तर आपल्यालाही काय ते कळतं.

आणखी एक गोष्ट संयोजक मैत्रिणींसाठी. पुराची बातमी पहिल्या पानावर असते तोवर मदतीचा ओघ असतो. पंधरा दिवसांत ती आतल्या पानात जाते, महिन्यानं दिसेनाशी होते. पण बी-बियाण्याला, खरवडलेल्या शेतात पुन्हा माती टाकायला, दुभतं जनावर घ्यायला, मुलीची कॉलेजची फी भरायला पैसे लागतात ते नंतर. आपल्या गावात दौड ठेवायची असेल तर घाई करून सप्टेंबरच्या चिखलात कशाला? जानेवारीत ठेवा. हवा थंड असते, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला साऱ्याजणी भेटतातच. यंदा वाण लुटण्याऐवजी ते पैसे दौडीच्या डब्यात टाकू, असंही ठरवता येईल. तोपर्यंत तिकडच्या एखाद्या बचत गटाशी बोलणं करा. तुम्हाला काय हवंय, असं त्यांनाच विचारा. सुरुवात शाळेच्या मैदानावरून, ओळखीच्या डॉक्टर बाई हजर, पोलीस चौकीला आगाऊ कल्पना, दर किलोमीटरला पाण्याचा पिंप. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

धावणाऱ्यांसाठीही थोडं. दौडीच्या आदल्या दिवशी बूट आणून दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर पळायला जाऊ नका. दोन महिने आधी सुरुवात करा. पाच मिनिटं चाला, एक मिनिट पळा, हळूहळू पळणं वाढवा. बूट पायाला बसणारे हवेत आणि आतली स्पोर्ट्स ब्राही हवी. यात लाजण्यासारखं काही नाही. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे. पळताना धाप लागते ती वयामुळेच असं नाही. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नका. ड्रेस असो की साडी, पायात येणार नाही असं बघा म्हणजे झालं. लोक बघतील, आठवडाभर बघतील, मग त्यांनाही सवय होते.

आणि दौड झाल्यावर? वहिनींच्या घरी त्या रविवारी सगळ्यांनी कौतुक केलं. सोमवारी सकाळी साडेपाचला त्या पुन्हा बूट घालू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, 'आज कुणासाठी?' वहिनी म्हणाल्या, 'आज माझ्यासाठी.' सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी चहाचं आधण ठेवलं. एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

तुमच्या गावात अशी दौड होणार असेल तर नाव जरूर नोंदवा. वहीत दहा-वीस ओळखीच्यांची नावं लिहून किलोमीटरमागे त्यांच्या ऐपतीप्रमाणे रुपये मागा. मिळालेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या आणि ज्यांनी दिले त्यांना ती दाखवा. महिन्यानं संयोजकांकडे हिशोब बघायला जाल, तेव्हा एकट्या जाऊ नका. तुमच्याबरोबर धावलेल्या चौघींना घेऊन जा.