विश्लेषण : वाट सोपी, म्हणून धबधबाही सोपा?
लोणावळ्याचा भुशी डॅम म्हणजे सहकुटुंब वर्षासहलीचे हमखास ठिकाण. गाडीतून उतरून थोडे चालले, की झाडीतला धबधबा गाठता येतो. याच धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात चार मुले होती.

पाणी अचानक का वाढते?
सह्याद्रीचे उतार तीव्र आणि कातळाचे; पाणी मुरायला माती थोडी. डोंगरमाथ्यावर जोरदार सर आली, की खाली काही मिनिटांत लोंढा येतो. खाली ऊन असले तरीही! पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की लगेच बाहेर पडावे. वेग असेल तर गुडघाभर पाणीही पाय उखडते. शेवाळलेल्या कातळावर तर लवकरच.

मग जाऊच नये का?
जरूर जावे. मुलांना जंगलाची गोडी लागते ती अशाच सोप्या वाटांवर. सरसकट बंदीने गर्दी आडवाटेला वळते. त्यापेक्षा घरातूनच एक नियम ठरवून निघावे : प्रवाहातल्या खडकावर फोटोसाठी कोणीही जायचे नाही, धबधबा काठावरूनच पाहायचा. भिजायची हौस भागवायला पाऊस आहेच.