प्लेट बदलण्याआधी बाटली बघा!

मंडळी, बेळगावच्या आठवणी म्हटलं की आपण कुंदा नि मांड्यांवर थांबतो. आज उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीबद्दल लिहितोय. थोडं भांडणारही आहे.

भजनी मंडळाच्या जुन्या व्हॅनचा हिशेब माझ्याकडे होता. आषाढीच्या तोंडावर क्लचचं पेडल तळाला जायला लागलं, रिव्हर्स टाकताना करकर. एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच निकाल दिला, "काका, प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायचा, 14 हजार." समितीतले म्हणाले, "देऊन टाका की ओ!"

देऊन टाका? मंडळाचे पैसे म्हणजे कुणाच्या तरी पेन्शनीतले 51 रुपये. बँकेत ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून आम्ही लेजर फेकलं नाही. फरकाला 9 ने भाग जातो का बघायचो. गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेले. आधी चूक शोधायची.

म्हाताऱ्या मिस्त्रीनं तेच केलं. पेडल भराभर तीन-चारदा दाबायला लावलं. गिअर गुमान पडला! "प्लेट संपली असती तर इंजिन ओरडलं असतं, गाडी चढाला ओढली नसती. हिच्यात हवा शिरलीय." बाटलीत ऑइल कमी. पेडलमागचा मास्टर सिलिंडर कोरडा, पण गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह रबरी टोपीखाली ओला. त्याचं किट बदललं. मग मी पेडल दाबून धरायचं, त्यानं निपल सैल करून बुडबुडे काढायचे, निपल आवळल्यावरच मी पाय उचलायचा. मधेमधे बाटली भरायची. खर्च हजाराच्या आत.

नवी प्लेट घातली असती तरी गळका स्लेव्ह तसाच राहिला असता आणि गाडीनं घाटात दगा दिला असता.

कुणी म्हणेल, शोधत बसायला वेळ कुणाला आहे? अहो, शोधायला अर्धा तास लागला. गिअरबॉक्स उतरवायला दिवस गेला असता. आणि दोष फक्त गॅरेजच्या पोरांचा नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोनेक वर्षांनी बदलावं लागतं. आपण कधी बदललं? "देऊन टाका" म्हणणारे आपणच. हायड्रॉलिकचे कारखाने असलेल्या गावात निदान करणाऱ्या हाताला किंमत नसावी, ही लाज आपली.

त्या मिस्त्रीच्या शेडच्या जागी आता स्पेअर पार्टचं दुकान आहे. तुमच्या गल्लीत असा कुणी अजून असेल, तर गाडी आधी त्याच्याकडे न्या. आणि शोधण्याचेही पैसे द्या.